आमाच्या भिंतीला पाणी

बसा हो, चहा घ्या. पण आधी एक कबूल करा. आता जे सांगणार आहे ते आमच्या सुवार्तेपुढे काढायचं नाही. सुवार्ता म्हणजे माझी बायको. तिला सगळं ठाऊकच आहे, पण नुसती आठवण झाली तरी ती पुन्हा पहिल्यापासून हसायला लागते, आणि मग आमच्या घरी स्वयंपाक राहतो.

तुम्हाला वाटत असेल, माणसाची फजिती होऊन होऊन किती होणार? बस चुकली, पाकीट विसरलं, दुसऱ्याच्याच लग्नात जेवून आलो. ते सगळं मी करून चुकलोय. हे त्याच्या वरचं आहे. मी एका म्हातारीची भिंत पाडली. तीही परदेशात जाऊन. आणि देवाची सेवा म्हणून!

मी सुधाकर साळवे, जळगाव जामोदचा. उभी हयात एसटीत कंडक्टर. तुमच्यासाठी जरा साफसूफ मराठीत सांगतो, मधेच गाडी वऱ्हाडीवर घसरली तर सांभाळून घ्या. आता कंडक्टरचं काम काय? तिकीट फाडणं हे दुय्यम. खरं काम म्हणजे सांगत राहणं. पुढं सरका, पिशवी मांडीवर घ्या, पोराचं मुंडकं आत घ्या. रिटायर झाल्यावर डबल बेल वाजवायची बंद झाली, पण सांगायची खोड काही गेली नाही. भाजीवालीला मेथी कशी मांडायची ते मी सांगतो. डॉक्टरला सुई कुठं टोचायची ते सांगतो. आमच्या पाळकसाहेबांनाही मी एकदा सांगितलं होतं, की उपदेश जरा आखूड केला तर लोक जागे राहतील.

तर एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जाहीर केलं की नेपाळातल्या एका डोंगरातल्या गावात दरड कोसळून घरं गेलीत, आणि तिथल्या एका विधवा म्हातारीचं घर बांधून द्यायला आपल्या भागातून एक टोळी जाणार आहे. कोण कोण येतंय? मी हात वर केला. शेजारी बसलेल्या सुवार्तेनं कोपराला धरून तो खाली ओढला. मी दुसरा वर केला.

माझा लंगोटीयार दानियल, आम्ही त्याला दान्या म्हणतो, त्यानंही लगेच हात वर केला. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "नेपाळ काय परदेश हाय काय बे? पासपोर्ट लागत नाही तं कायचा परदेश?"

"मंग तू काऊन येऊन राह्यला?"

"तुह्यावर नजर ठेवाले. वयनीनं सांगतलं."

निघायच्या दिवशी सुवार्तेनं डब्यात ठेचा भरला, बीपीच्या गोळ्या खिशात कोंबल्या आणि दारात उभं करून शेवटची सूचना दिली. "हे पाहा, देवाच्या कामाले चालले तुमी. तिथी जाऊन कोनाले शायनपना शिकवू नोका. तोंड बंद अन् हात चालू. जे कराचं ते गुपचूप करा. देव पाह्यते, तेवढं पुरे. एवढ्या वयात जराशे बदलून या म्हनजे झालं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा शब्द न् शब्द मी पाळला असा हा एकच प्रसंग. आणि घोळ नेमका तिथंच झाला.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर तुम्ही मला नुसताच येडा समजाल. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाणी म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात यायचं नाही. आमच्याकडे नळ जावयासारखा येतो. कधी येईल सांगता येत नाही, आणि आला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून त्याच्यामागं धावायचं. अशा गावात मी रिटायर झाल्यावर घर बांधलं. बांधलं म्हणजे काय, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसलो आणि मिस्त्रीला सांगत राहिलो. पण मिस्त्री माझा गुरू निघाला. त्यानं मला एकच मंत्र दिला, "साळवेभाऊ, लेकराले दूध अन् भिंतीले पानी. यात कंजुषी केली का जलमभर भोगा." सिमेंटचं काम नवं असताना त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेल. पाजलं नाही तर ते तडकतं. आणि भर मे महिन्यात, टँकरच्या पाण्यात, आम्ही तांब्या-तांब्यानं भिंती भिजवायचो! अंघोळीचं पाणी खाली घमेल्यात धरायचो आणि तेच भिंतीवर. तरी मागची भिंत तहानलेली राहिली आणि तडकलीच. तेव्हापासून कोणाच्याही दारात नवी भिंत दिसली की माझ्या तोंडून पहिला प्रश्न येतो, "पाणी मारलं का?"

असा हा माणूस भुसावळहून रेल्वेत बसला, गोरखपूरला उतरला, सीमा पायी ओलांडली आणि पुढं बस, जीप, पुन्हा पाय असं करत त्या गावात पोचला. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं नाव विसरावं अशी माझी इच्छा आहे, मग मी त्यांचं कशाला घेऊ?

तिथं मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? हिमालय? नाही हो. मी पाहिली एक काळी नळी. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी त्या नळीतून एका दगडी कुंडात पडत होतं. धो धो पडत होतं, आणि कुंड भरून खाली दरीत चाललं होतं. मी पळत गेलो आणि तोटी शोधायला लागलो. तोटीच नव्हती!

"दान्या! अबे कोनीतरी बंद कर ना हे!"

"ते बंद होत नाही म्हनते. दिवस-रात चालूच रायते."

मी तिथंच दगडावर बसलो. त्या दिवशी माझ्या गळ्याखाली घास उतरला नाही. एवढं पाणी वाया चाललंय आणि लोक निवांत भात खात बसलेत!

संध्याकाळी आमच्या टोळीच्या पुढाऱ्यानं सगळ्यांना एकत्र बसवलं. शांतवन त्याचं नाव, खामगावचा, इंजिनियर, माझ्या पोराच्या वयाचा, आणि फार गोड पोरगा. घर कसं बांधायचं, कशाचं बांधायचं हे तो समजावून सांगणार होता. आधी प्रार्थना केली. प्रार्थनेला मी डोळे मिटले. आता इतक्या प्रवासानंतर मिटलेले डोळे कुठं लगेच उघडतात? मला जाग आली ती शेवटच्या आमेनला. मधल्या वेळात बांधकामाची सगळी माहिती येऊन निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी कामं वाटली. कोणी दगड वाहायचे, कोणी रचायचे. माझ्यापाशी येऊन शांतवन म्हणतो, "काका, तुम्हाला बीपी आहे. तुम्ही स्वयंपाकाचं बघाल का?"

मी? प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून अख्खं घर उभं केलेला मी बटाटे सोलू? जिभेवर दहा उत्तरं आली. पण सुवार्तेचा चेहरा आठवला आणि मी सोलाणं हातात घेतलं. दान्या दगड उचलता उचलता माझ्याकडं बघून दात काढत होता.

आणि ती म्हातारी, जिचं घर होतं ती. सगळे तिला आमा म्हणायचे, म्हणजे आई. एवढीशी मूर्ती, नाकात फुली, कपाळावर पट्टा घेऊन पाठीवरच्या टोपलीत दगड वाहायची. दरडीत घर गेल्यापासून शेजाऱ्याच्या गोठ्यात एका कोपऱ्यात राहत होती, सोबतीला एक कोंबडी. तिचा नवरा बरीच वर्षं नागपूरला वॉचमन होता, म्हणून तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं. तिन्हीसांजेला ती माझ्या चुलीपाशी येऊन बसायची आणि अर्ध्या भिंतींकडं बोट करून दाखवायची, इथं चूल, इथं खाट, इथं कोंबडी. मला भाई म्हणायची. मला सख्खी बहीण नाही हो. मला ती फार आवडली.

"भाई, इतवार को पक्का?" ती रोज विचारायची. रविवारी गृहप्रवेश आणि सोमवारी आमचा परतीचा प्रवास असं ठरलं होतं.

"एकदम पक्का, आमा," मी म्हणायचो.

भिंती चढत होत्या. बटाटे सोलता सोलता मी लांबून बघत होतो. राखाडी रंग. वाटेवर सिमेंटच्या गोण्याही पडलेल्या मी पाहिल्या होत्या. आणि चार दिवसांत एका माणसानं, एकाही माणसानं त्या भिंतींना पाण्याचा थेंब मारला नव्हता!

सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी शांतवनला झापलं असतं, एरवी. पण तोंड बंद. हात चालू. गुपचूप. देव पाह्यते.

पहाटे उठलो. सुवार्तेचा हेर दान्या बाजूला घोरत होता. तिथं पडलेला एक लांब पाइप त्या काळ्या नळीला जोडला, आणि आमाच्या भिंतीपुढं उभा राहिलो. अहाहा! काय ती धार! टँकरवाल्याचं तोंड बघायचं नाही, शेजारणीशी भांडण नाही, तांब्या नाही, घमेलं नाही. वरून खाली मारलं, खालून वर मारलं, मन भरेना म्हणून पुन्हा वरून खाली मारलं. तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या मागच्या भिंतीला जे देता आलं नाही ते सगळं मी या भिंतीला दिलं. मग पाइप जागेवर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. कोणालाही कळलं नाही. आपण साधुसंत झालो असं वाटायला लागलं.

न्याहारीला शांतवन भिंतीला हात लावून आला. "अजून ओलीच आहे."

मी मान खाली घालून चहा ढवळला. स्तुती ऐकून फुगू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी, "काल होती त्यापेक्षा जास्त ओली आहे!" तिसऱ्या दिवशी, "वाळतच नाहीये हो! ऊन आहे, वारा आहे, तरी वाळत नाही. भिंत वाळल्याशिवाय छप्पर कसं चढवणार?"

मी मनात म्हणालो, बघा शिकलेली पोरं! भिंत वाळत नाही म्हणून रडतात. अरे बाबांनो, वाळली म्हणजे तडकली! पण मी बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला तेव्हा किती कष्ट पडले असतील याचा विचार करा.

संध्याकाळी शांतवननं सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं. "प्रभू, कडक ऊन दे. आमाची भिंत वाळू दे." सगळे कळवळून प्रार्थना करत होते. मला ते काही पटलेलं नव्हतं, पण चारचौघांत वेगळं कशाला दिसायचं? सगळ्यात मोठ्यानं आमेन मीच म्हटलं. आणि पहाटे उठून भिंतीला पाणी मारलं.

त्याच दिवशी सुवार्तेचा फोन. "तोंड बंद हाय ना?"

"एकदम बंद."

"कोनाशी भांडन?"

"नाही."

"वा! मानूस सुधरला म्हना की!" तिचा आवाज असा भरून आला की मलाही गहिवरलं.

शुक्रवारी सकाळी बटाट्यांवरून मान वर केली तर भिंतीला पोट सुटलेलं. चांगलं गरोदर बाईसारखं. सगळे भोवती उभे. शांतवन डोकं खाजवतोय. "वरून पाऊस नाही, म्हणजे पाणी खालून येतंय. पायाखाली झरा असणार."

झरा म्हटल्यावर आमच्या वऱ्हाडातला माणूस गप्प बसेल का? दान्या पुढं झाला. "माहा मामा पानाड्या होता. मोताळ्याकडच्या साऱ्या विहिरी त्यानंच दावल्या." असं म्हणून त्यानं झाडाची दुबेळकी फांदी तोडली, दोन्ही हातांत धरली आणि चालायला लागला. आणि ऐका, भिंतीपाशी आल्यावर ती फांदी खरंच खाली वळली! दान्या ओरडला, "पानी! भल्लं पानी हाय इथी!" पोरांनी कुदळी घेतल्या आणि खणायला सुरुवात केली. मीही हातातलं टाकून धावलो. पाणी शोधायचं म्हटल्यावर आमच्याकडे बीपी आड येत नाही.

खणता खणता आमाकडं लक्ष गेलं. ती लांब उभी होती आणि पांढरी पडली होती. "पहले भी ऐसा," ती हळू आवाजात म्हणाली. "दीवार गीली. फिर पहाड़ आया." दरड कोसळली तेव्हाही आधी भिंतीच ओल्या झाल्या होत्या तिच्या. "यहाँ मैं नहीं रहूँगी, भाई." आणि ती वळून गोठ्याकडं चालायला लागली. हो, त्याच गोठ्याकडं.

शांतवन तिथंच मटकन बसला. "संपलं काका. मातीची भिंत. पाणी लागलं की संपलं."

"कायची भिंत?"

"मातीची. दगड आणि माती. पहिल्याच संध्याकाळी नाही का सांगितलं? सिमेंट फक्त पायाला."

"पन... ते राखाडी..."

"इथली मातीच राखाडी आहे काका."

माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. बीपी कुठंच्या कुठं गेलं असेल, मोजायला कोणी नव्हतं म्हणून वाचलो.

पळालो. आमाच्या मागं पळालो. ती गोठ्यात टोपलीखाली कोंबडी झाकत होती. मी दम खात तिच्यापुढं उभा राहिलो, आणि आयुष्यभर बडबड केलेल्या माणसाला वेळेवर धड शब्द सुचेना. "आमा, नीचे पानी नहीं है! ऊपर से है! आमा, वो झरा... वो झरा मैं हूँ!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी हातानं पाइप धरल्यासारखं करून, सूं सूं आवाज काढून, सगळं करून दाखवलं. वरून खाली, खालून वर. तोवर सगळी टोळी गोठ्याच्या दारात जमली होती.

"काका," शांतवन म्हणाला, "रोज?"

"रोज."

"किती?"

"पोटभर."

"आम्ही उन्हासाठी गुडघे टेकून प्रार्थना करत होतो! तुम्हीपण करत होता!"

आमा मात्र आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग पोट धरून हसायला लागली. तिला भिंतीचं काही नव्हतं. डोंगर येत नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं. हसता हसता तिनं डोळे पुसले, आणि तेवढ्यात मागं धडाम आवाज झाला. भिंत बसली. कोणाला लागलं नाही, आणि धूळसुद्धा उडाली नाही हो, इतकी ती भिजलेली होती.

मग काय! पुढचा सगळा वेळ आम्ही चिखलात. बटाटे दान्याला दिले आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माती तुडवायला उतरलो. तुडवायच्या मातीत पाणी लागतं ना, ते मात्र आमा स्वतः आणून टाकायची. मी तांब्याकडं हात नेला की माझ्या हातावर चापट! आमा सांगेल तेवढं तुडवायचं, ती थांब म्हणाली की थांबायचं. मी कोणाला काही शिकवलं नाही आणि मला कोणी विचारलंही नाही, तरी त्या चिखलात मला जेवढं बरं वाटलं तेवढं खुर्चीवर छत्री धरून कधी वाटलं नव्हतं. अख्खं गाव मदतीला आलं. त्या बाजूचं छप्पर गावकऱ्यांनी लाकडी खांबांवर टेकवलं, म्हणजे नवी भिंत खाली सावकाश वाळली तरी चालेल. रविवारी दुपारी उशिरा का होईना, आमा कोंबडी काखेत मारून आपल्या घरात शिरली. मी तिला इतवार पक्का म्हणून सांगितलं होतं हो. दारात उभा राहून मी लहान पोरासारखा रडलो.

सुवार्तेला फोनवर सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. तिकडून आधी नुसता हसण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी तोंड बंद ठेवाले सांगतलं होतं हो. तुमी नळ चालू ठेवला!"

आता तुम्ही म्हणाल, साळवे, मग बदललात का? बदललो ना. आता सांगण्याआधी विचारतो. एवढं विचारतो, एवढं विचारतो की सुवार्ता म्हणते, पहिलेच बरे होते.

मागच्या पावसाळ्यात टीव्हीवर नेपाळच्या डोंगरात धुवाधार पाऊस दाखवत होते. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मातीच्या भिंती! आमाच्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर फोन लावला आणि तिला बोलवायला सांगितलं. ती आली.

"आमा, दीवार कैसी है?"

"खड़ी है, भाई. छप्पर लंबा है ना, पानी दीवार को छूता नहीं."

"इतनी बारिश, डर नहीं लगता?"

"बारिश का डर नहीं, भाई," आमा म्हणाली. "तुम उधर ही हो ना?"